श्वास रोज घ्यावा लागतो

१९९८ साली सुरू झालेला जागतिक दमा दिन मे महिन्यातील पहिल्या मंगळवारी पाळण्यात येतो. तो आज आहे. आज या पुणे शहरात ठिकठिकाणी शिबिरे भरतील, फुप्फुसांची शक्ती मोजणारी यंत्रे मांडली जातील, दानशूर मंडळींच्या हस्ते मुलांना औषधे वाटली जातील. आणि बुधवारी सकाळी मंडप उतरलेला असेल. पहिल्या पानावरील ही जागा आम्ही आज या विषयाला देत आहोत, ती त्या बुधवारचा विचार कोणी तरी करावा म्हणून.

दमा हा एका दिवसाच्या औदार्याने हटणारा आजार नव्हे. श्वासनलिकांच्या अस्तराला आलेली सूज हे त्याचे मूळ होय. मूल हसत-खेळत असते तेव्हाही ती सूज आत असतेच. सर्दी, धूळ, चुलीचा वा फटाक्यांचा धूर, पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल, असे काही निमित्त घडले की नलिका आवळतात आणि धाप लागते. म्हणूनच औषधेही दोन प्रकारची आहेत. एक, धाप लागली असता नलिका तात्पुरत्या मोकळ्या करणारे. दुसरे, सूज उतरवणारे. ज्यांचा दमा वरचेवर डोके वर काढतो अशा मुलांना ते अल्प मात्रेत, पण रोज, मूल बरे दिसत असतानाही श्वासावाटे घ्यावे लागते. आपल्याकडे पहिले औषध घरोघर पोचले आहे. अडते ते दुसऱ्यापाशी.

किती अडते, हे ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय संशोधक-संघाने भारतातील नऊ केंद्रांत मुलांची व त्यांच्या पालकांची पाहणी करून दाखवून दिले आहे. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या छातीत घरघर होते, त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा आहे हे कोणी सांगितलेलेच नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही हे प्रमाण ७० टक्के होते. निदान झालेल्यांपैकी सूज उतरवणारे औषध रोज घेणारे दहा टक्केही नव्हते. मग जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असताना, या आजाराने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात व्हावेत, यात नवल ते काय?

या अडचणीचे मूळ केवळ दारिद्र्यात नाही. दमा हा शब्दच आपल्या घरांना नको असतो. मुलाची ‘प्रकृती कफाची’ असते, त्याची ‘छाती भरते’, त्याला ‘अॅलर्जीचा खोकला’ असतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या काळजीने तो शब्द आणखीच दडवला जातो. पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, हा समज तर सुशिक्षितांतही पक्का आहे. वस्तुतः पंपातील औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनलिकांत पोचते. पण हे समजावून सांगण्यास कोणाला सवड आहे? म्हणून कोणी कोजागिरीच्या खिरीतले औषध शोधतो, कोणी मृगाच्या सुमारास हैदराबादेस जाऊन मुलाला जिवंत मासा गिळायला लावतो. त्या आईबापांना हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. रात्ररात्र मुलाला मांडीवर बसवून काढणारा माणूस कोणतेही दार ठोठावतो.

सेवाभावी प्रयत्न झालेच नाहीत, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. १९९१ मध्ये सुरू झालेल्या बालदम्याच्या जागतिक अभ्यासाने शंभरावर देशांतील लक्षावधी मुलांची माहिती गोळा केली. आपल्या शहरातील ‘चेस्ट रिसर्च फाउंडेशन’ने संशोधनाबरोबर डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचे कार्यही अंगावर घेतले. आणि थोड्या साधनांत काय साधते, हे दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले. पंपातील औषध मुलांना नीट ओढता यावे म्हणून मध्ये जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, महाग पडतो. त्यांनी अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली घेतली, तिच्या बुडाला पंपाचे तोंड बसेल एवढे भोक पाडले आणि बाटलीच्या तोंडातून मुलांना श्वास घ्यायला लावले. धाप लागलेल्या मुलांना विकतच्या स्पेसरइतकाच तिचा गुण आला. मात्र ती बाटली कशी धरायची, हे मुलाला कोणी तरी पुनःपुन्हा शिकवावे लागते. तेच कार्य शिबिरात होत नाही.

पत्रव्यवसायात येण्यापूर्वी प्रस्तुत लेखक एका शाळेत शिक्षक होता. कवायतीच्या तासाला व्हरांड्यात रेंगाळणाऱ्या एका मुलास त्याने सर्वांदेखत कामचुकार म्हटले आणि मैदानाला फेरी मारावयास लावली. अर्ध्या फेरीत तो मुलगा खाली बसला. श्वासासरशी त्याचे खांदे वर उचलले जात होते. संध्याकाळी त्याची आई फाटकापाशी येऊन म्हणाली, “सर, त्याला दमा आहे. पण वर्गात कोणाला सांगू नका.” पंप त्याच्या दप्तरात होता. चारचौघांत तो बाहेर काढण्याची त्याला लाज वाटली होती. ती लाज त्याला आम्हीच, शाळेने आणि समाजाने, शिकवली होती.

म्हणून आमचे या शहरातील सेवाभावी संस्थांना सांगणे आहे की, शंभर शिबिरांऐवजी दहा शाळा घ्या आणि वर्षभर सोडू नका. प्रत्येक शाळेत पंप व स्पेसर ठेवा. धाप लागलेले मूल ओळखावे कसे आणि पहिल्या पाच मिनिटांत करावे काय, हे शिक्षकांना शिकवा. दमेकरी मुलांच्या घरी महिन्यातून एकदा जाणारी, मूल पंप कसे घेते ते पाहणारी, चुकत असेल तर न रागावता सुधारणारी कार्यकर्ती नेमा. देणगीचा पैसा वर्षाच्या औषधाला लावा.

शासनाची जबाबदारी यामुळे संपत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीत दम्यासारख्या विकारांचा समावेश आहे. सूज उतरवणारे बुडेसोनाइड हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. यादीतले औषध महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्याच्या फडताळात बारा महिने असते की नाही, हे विचारण्याचे काम संस्थांनी आणि वृत्तपत्रांनी करावयाचे आहे.

शिबिराच्या अहवालात लाभार्थींची संख्या असते. देणगीदारांनी यापुढे दुसरे आकडे मागावेत: वर्षात किती मुलांची शाळा बुडाली नाही, किती घरांत रात्री सर्वांना झोप लागली. असा अहवाल एका दिवसात तयार होत नाही. त्याचा आरंभ मात्र उद्या, बुधवारी, करता येईल.