सत्र संपले, पालकांना कळले काय?

दिवाळीच्या तोंडावर माध्यमिक शाळांचे पहिले सत्र संपते आणि साधारण त्याच सुमारास साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. नीरा-बारामती रस्त्यावरील वडगाव निंबाळकरच्या परिसरात हा केवळ पंचांगातला योगायोग राहत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला हा ऊसपट्टा आहे. जवळच सोमेश्वरनगरचा कारखाना, बारामतीकडे माळेगावचा आणि पुढे इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा. हंगाम सुरू झाला की बागायतदाराच्या घरी तोडीची पाळी आणि बिलाचा हिशेब यांखेरीज दुसरा विषय नसतो. बीडकडून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेत ठेवायचे की कामाला लावायचे, मुलीची दहावी होऊ द्यायची की नाही, याचा निर्णय अनेक घरांत याच दिवसांत होतो. त्या वेळी शाळेकडून घरी आलेली बातमी म्हणजे गुणांचा एक तक्ता आणि त्याखाली पालकाच्या सहीसाठी सोडलेली रेघ.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही मोठी विचित्र देवघेव आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची खरी स्थिती ठाऊक असते व घेणाऱ्याला नसते, तेव्हा सारा व्यवहारच बिघडतो. मोटार निदान चालवून पाहता येते. शिक्षण हा माल खरा की खोटा, हे कळेपर्यंत मुलाचे वय निघून गेलेले असते. रॉबर्ट जेन्सन यांनी डॉमिनिकन प्रजासत्ताकात केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आठवीतल्या मुलांना, जास्त शिकलेल्यांची मिळकत प्रत्यक्षात किती असते, एवढेच सांगण्यात आले. पुढील चार वर्षांत ती मुले इतरांपेक्षा सरासरी ०.२० ते ०.३५ वर्षे अधिक शिकली. मात्र अगदी गरीब घरांतील मुलांवर याचा परिणाम जवळजवळ झाला नाही, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. मुकादमाकडून उचल घेतलेल्या घराला नुसत्या माहितीने शाळा परवडू लागत नाही, हे सांगायला खरे तर इतक्या दूर जाण्याची गरज नव्हती.

या ऊसपट्ट्यातील ज्यांना परवडते अशी काही कुटुंबे आपली मुले पुण्याच्या ‘कॉन्व्हेंट’मध्ये घालतात. त्यामागे इंग्रजीचे आकर्षण आहेच. परंतु शाळा घराशी बोलते, हेही एक कारण असावे. सत्राअखेरीस मुख्याध्यापक फादर किंवा सिस्टर यांचे पत्र घरी येते. शाळा पुन्हा केव्हा भरणार, कोणते शिक्षक निवृत्त झाले, शुल्क कशासाठी वाढले, अनाथाश्रमासाठी जमवलेला निधी कोठे गेला, असा मजकूर त्यात असतो. पत्र लिहिण्याचा हा परिपाठ जुना आहे. पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स १८६७ सालचे. ते ज्या येशूसंघीयांनी चालविले, त्यांच्या प्रत्येक मठातून वर्षाचा वृत्तांत वरिष्ठांकडे धाडण्याची शिस्त सोळाव्या शतकापासून होती. ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स याच संघाचे, त्यांनी १५७९ मध्ये गोव्याहून आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र आज इतिहासाचे साधन मानले जाते.

तथापि या पत्रांचे कौतुक एका मर्यादेपर्यंतच करता येईल. पहिली गोष्ट भाषेची. इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे पत्र इंग्रजीत निघते आणि ते घरात बहुधा मुलगाच वाचून दाखवतो. स्वतःविषयीची तक्रार तो कितपत प्रामाणिकपणे भाषांतरित करील, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. चर्चला मराठी येत नाही, अशी सबब येथे चालणार नाही. स्टीफन्स यांचे पुराण १६१६ मध्ये मराठीत छापले गेले. वसईत १९५५ पासून निघणाऱ्या आणि १९८३ ते २००७ या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी संपादिलेल्या ‘सुवार्ता’ने मराठी कॅथलिक कुटुंबांशी त्यांच्याच भाषेत संवाद केला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती केवळ कॅथलिक शाळांपुरती नाही. सत्रान्तीची बातमी हळूहळू जाहिरात बनत चालली आहे. ढाली, चषक आणि दहावीचा शंभर टक्के निकाल तीत असतो. नववीतून किती मुले गळाली, याची ओळ नसते. कच्च्या मुलाला नववीनंतर ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून बसण्याचा सल्ला द्यायचा आणि निकालाची टक्केवारी राखायची, ही तक्रार महाराष्ट्रात जुनीच आहे. असा सल्ला तोंडी दिला जातो. तो कोणत्याही पत्रात सापडत नाही.

कायद्याचा आधार नेमका येथेच तोकडा पडतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकांचे बहुमत असलेल्या शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या, पण विनाअनुदानित शाळा त्यांतून वगळल्या. आणि कायद्याचा हक्कच मुळात सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे जावा, असे सुचविले. तो वाद कायदेपंडितांचा. गावातल्या पालकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, नववी-दहावीत, गळतीचा धोका जेथे सर्वांत अधिक, तेथे या कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मग समिती असली म्हणजे पुरे का? उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात याची परीक्षा झाली. गावोगावी सभा घेऊन लोकांना ग्रामशिक्षण समितीची व तिच्या अधिकारांची माहिती दिली गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने सरकारी शाळांत काहीच हलले नाही. याउलट पाकिस्तानच्या पंजाबात ११२ खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत प्रत्येक पालकाच्या हाती आपल्या मुलाचे आणि गावातल्या सर्व शाळांचे गुण ठेवण्यात आले. २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार तेथे मुलांचे गुण वाढले आणि खासगी शाळांचे शुल्क सरासरी सतरा टक्क्यांनी उतरले. पालकाला सभेतल्या भाषणापेक्षा आपल्या मुलाविषयीचा नेमका कागद उपयोगी पडतो, असा याचा अर्थ घेता येईल. अर्थात त्या खेड्यांत निवडीला अनेक शाळा होत्या. एकच विद्यालय असलेल्या गावात तेवढाच परिणाम होईल, असे गृहीत धरू नये.

तरीही शाळांनी सत्रान्ती गुणतक्त्याबरोबर मराठीत एक पानाचे पत्र द्यावे, यात अशक्य काय आहे? हजार विद्यार्थ्यांच्या शाळेला हजार कागद लागतील; स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून हा खर्च खचित कमी. गणिताच्या शिक्षकाची जागा किती महिने रिकामी आहे, मूल किती दिवस गैरहजर होते, कोणती शिष्यवृत्ती केव्हापर्यंत मागता येते, दहावीनंतर बारामतीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा तंत्रनिकेतनात कोणत्या अटींवर प्रवेश मिळतो, एवढे साध्या वाक्यांत लिहावे. भ्रमणध्वनीवरील गटात टाकलेली चित्रफीत त्याची जागा घेऊ शकत नाही. तो फोन अनेकदा एकच असतो आणि पहाटेच तोडीच्या फडावर गेलेला असतो.

बीडहून कोप्यांत आलेल्या मुलांचा प्रश्न याहून निराळा आहे. त्यांच्या सत्राची बातमी आईबापांइतकीच पुढच्या शाळेला हवी असते. शासनाने स्थलांतरित मुलांसाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ आणले ते याच हेतूने: मूल कोणत्या इयत्तेत आहे, हे कार्ड पाहून नव्या गावातील शाळेने त्याला विनाअडथळा बसू द्यावे. पण आईबाप दोघे मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि कोयता निघतो तो मुकादमाच्या तारखेला, शाळेच्या नव्हे. कार्ड सत्राच्या अखेरच्या दिवशी भरले, तर तोपर्यंत गाडी निघून गेलेली असते. ते निदान दसऱ्यापूर्वी हातात पडले पाहिजे.