शिकार गेली, शहाणपण का गेलं?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला, हे उत्तमच झालं. पण शिकाऱ्याला कळणारी एक गोष्ट आपण कॅमेरेवाले विसरलो. रानात जाताना कपडे जनावराच्या डोळ्याने निवडायचे असतात.

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला जाणारे भडक नारिंगी जाकीट घालतात. हरणाला तो रंग नीट ओळखता येत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतो आणि चुकून गोळी लागत नाही. आपल्या डभोईजवळच्या वढवाणा तलावावर मात्र हे चालणार नाही, कारण पक्ष्यांना आपल्याहून जास्त रंग दिसतात.

मागच्या हिवाळ्यात मी पिवळंधमक जर्किन घालून तिथे काठापर्यंत गेलो आणि पट्टकादंबांचा थवा भर्रकन उडाला. हिमालय ओलांडून आलेले पाहुणे! रंगामुळे उडाले की माझ्या घाईमुळे, कोण जाणे. चूक माझीच. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव 2021 पासून रामसर स्थळ आहे, आपलं पिकनिकचं मैदान नव्हे.

मग घालायचं काय? मातकट, खाकी किंवा विटका हिरवा शर्ट. पहाटेच्या थंडीसाठी एकावर एक पातळ कपडे, म्हणजे ऊन चढलं की काढता येतात. पावसात जीन्स नको, भिजली की वाळत नाही. सळसळणारं प्लास्टिक तर नकोच.

नवीन काही घ्यायला नको, घरातलं जुनं चालतं. सहलीसाठी चकचकीत टी-शर्ट छापायची हौस तेवढी यंदा आवरूया ना!