विष जखडले, पहारा कोणाचा?

तामिळनाडूतील राणीपेटचा क्रोमेट कारखाना गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडला. त्याने मागे टाकलेला लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त कचरा मात्र उघड्यावरच राहिला, आणि त्याचे विष भूजलात उतरले. अशा जमिनीवर तंत्रज्ञ एक इलाज सुचवितात. फेरस सल्फेट मिसळून विद्राव्य, घातक क्रोमियमला कमी विद्राव्य, कमी घातक रूप द्यावयाचे आणि मग सिमेंटने माती बांधून टाकावयाची. इलाज शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्याने धातू नाहीसा होत नाही. तो केवळ जखडला जातो. सिमेंट झिजले, त्यास तडे गेले, की तो पुन्हा पाझरू शकतो. म्हणजे पहारा पिढ्यान्‌पिढ्या हवा.

त्याचा खर्च कोणी सोसावयाचा? चर्मोद्योगाच्या प्रदूषणासंबंधीच्या वेल्लोर खटल्यात, १९९६ साली, सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. पण बंद पडलेल्या कारखान्याकडून वसुली व्हावी कशी? म्हणून कारखाना चालू असतानाच, उत्पादनाच्या दर टनामागे रक्कम कापून राखणीचा निधी उभारला पाहिजे. नफा कारखान्याचा आणि पहारा जनतेचा, हा हिशेब साध्या व्यापारी नीतीतही बसत नाही.