विश्लेषण : फॉलिक अॅसिडची गोळी उशिरा का पोहोचते?

पाळी चुकते, आठवडाभर वाट पाहिली जाते, मग घरी चाचणी आणि त्यानंतर डॉक्टर. पहिल्याच भेटीत फॉलिक अॅसिड लिहून दिले जाते. गोळी योग्यच, पण तिचे सर्वांत मोठे काम ज्या दिवसांत असते, ते दिवस तोवर बहुधा उलटून गेलेले असतात.

पहिल्या चार आठवड्यांत काय घडते?

बीजवाहिनीत फलन झाले, की साधारण ३० तासांत एका पेशीच्या दोन होतात. पाचव्या दिवशी सुमारे शंभर पेशींचा पोकळ गोळा तयार होतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर पडतात. सर्वांत वरच्या थरातली एक पट्टी जाड होते, तिच्या कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळाव्यात तशा मिटू लागतात. ही न्यूरल ट्यूब. पुढे हिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. साधारण २२व्या दिवशी ती मिटायला लागते. डोक्याकडचे टोक २५व्या, खालचे २८व्या दिवसाच्या सुमारास बंद होते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू व कवटी घडत नाही आणि ते बाळ वाचत नाही. खालचे राहिले तर स्पायना बिफिडा : अनेकदा पाय लुळे, लघवी-शौचावर ताबा नाही.

डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने २८वा दिवस म्हणजे सहा आठवडे, अर्थात पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे.

मग उपाय कोणता?

पेशी भराभर विभागायला फोलेट लागते. आधी असे मूल झालेल्या महिलांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड दिल्यास धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने १९९१ मध्येच दाखवले. अमेरिकेने १९९८ पासून ते पिठातच मिसळणे सक्तीचे केले. नियोजन न करता राहिलेल्या गर्भालाही त्याचे संरक्षण मिळते, ही त्यातली खरी मेख.

आपल्याकडे ‘अॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत गर्भवती नसलेल्या महिलांसाठीही आठवड्याला एक लोह-फॉलिक अॅसिडची गोळी आहे. तीत फॉलिक अॅसिड ५०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना साप्ताहिक गोळीत २,८०० मायक्रोग्रॅम सुचवते. गोळी रक्तक्षयासाठी आखली, म्हणून हा फरक खपून गेला. पण वाटपाची यंत्रणा, आशा सेविका, उपकेंद्रे सारे तयार असताना मात्रा तेवढी वाढवायला अडचण कसली, याचे उत्तर आरोग्य खात्याने द्यायला हवे.

तोवर मूल हवे असणाऱ्या महिलांनी निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. आधीच्या बाळात हा दोष असल्यास, मधुमेह असल्यास किंवा फिटची औषधे सुरू असल्यास मात्रा जास्त लागू शकते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.