तोफ चालवता येते, कोबी शिजवता येत नाही



आज जरा भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच माणसांशी.

वीस-पंचवीस वर्षं गणवेशात काढलेला आपला माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याला नकाशा वाचता येतो, रेडिओ जुळवता येतो, अंधारात रायफल सुटी करून पुन्हा जोडता येते. मात्र चार माणसांना पुरेल एवढा भात किती पाण्यात शिजतो, हे त्याला ठाऊक नसतं. त्याहून वाईट म्हणजे ठाऊक नसल्याचा त्याला अभिमान असतो. 'आपण बुवा कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही' हे वाक्य माजी सैनिकांच्या मेळाव्यांत मी छातीवरचं पदक दाखवावं तशा थाटात ऐकलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला स्वतःचं एक वेळचं जेवण रांधता येत नाही, त्याचं प्रशिक्षण अर्धवट राहिलं आहे. ते पुरं करायला एक पातेलं, एक कोबीचा गड्डा आणि पाव किलो राजमा पुरतो.

कोबी आणि राजमाच का, ते सांगतो. सध्या पोस्टिंग चेन्नईला आहे. या शहराला जर्मन तोफ चांगली ठाऊक आहे. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर गोळे टाकले, बंदरातल्या बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवल्या आणि ती निघून गेली. हायकोर्टाच्या आवारात त्याची पाटी आहे, आणि तमिळमध्ये आजही एखाद्या जबरदस्त, बेरकी माणसाला 'एम्डन' म्हणतात. पण जर्मनांची दुसरी एक तोफ होती, तिची पाटी कुठेच नाही. चाकांवरच्या लष्करी भटारखान्याला त्यांचे शिपाई 'गुलाशकानोनं' म्हणायचे, म्हणजे रश्शाची तोफ. कारण त्याचं धुराडं तोफेच्या नळीसारखं दिसायचं. कूच चालू असतानाच आत रस्सा शिजत असे आणि पलटण थांबली की डाव फिरे. त्या हंड्यात जे शिजे, त्याच जातीचं जेवण जर्मन घरांत आजही होतं. त्याला 'आइनटोफ' म्हणतात. शब्दाचा अर्थ एवढाच: एक भांडं. घरात कोबी असेल तर कोबी, घेवड्याचे दाणे, बटाटा, कांदा, असलंच तर खारवलेलं डुकराचं मांस. सगळं एकत्र, मंद आचेवर, पोटभर. माझ्या मते स्वयंपाकाचा पहिला धडा म्हणून याहून सोपं काही नाही. पोळी लाटायला हात बसावा लागतो. इथे लागतो तो फक्त धीर, आणि तो फौजीकडे असतो असा आपला दावा आहे.

आता आक्षेप घेऊ एकेक.

पहिला आक्षेप: हे परदेशी जेवण, आपलं नव्हे. अहो, कोबी तरी कुठे आपला? 'कोबी' हा शब्दच पोर्तुगीज 'कोव्ह'वरून आला. दक्षिणेत निलगिरीवर जॉन सलिव्हन या इंग्रज कलेक्टरने १८२० च्या दशकात युरोपातल्या भाज्या लावल्या. तमिळ ब्राह्मणांच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात कोबी, गाजर, फरसबी आजही चालत नाहीत, कारण त्या 'इंग्लिश भाज्या'. राजमा तर मूळचा अमेरिकेतला. कोलंबसाच्या आधी तो जर्मनीतही नव्हता. आणि कोबी-कडधान्याची जोडी म्हणाल, तर चेन्नईतल्या कुठल्याही घरी 'मुट्टैकोस कूट्टु' होतं: कोबी, मूग किंवा हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचं वाटण. 'कूट्टु' म्हणजे एकत्र केलेलं. आपण कोबीच्या भाजीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालतो, ती वेगळं काय सांगते? जर्मन माणूस कोबीत शहाजिऱ्यासारखं 'क्युमेल' घालतो, आपण वालात ओवा-हिंग घालतो. कारण दोघांचं एकच, पोटातला वारा. तेव्हा परकेपणाची ढाल इथे चालणार नाही.

दुसरा आक्षेप: कोबीला वास येतो, मेसमध्ये खाऊन खाऊन वीट आला. वीट आला तो कोबीचा नव्हे, त्याला दिलेल्या शिक्षेचा. भरपूर पाण्यात तासभर उकळला, वर झाकण ठेवलं, की कोबीतली गंधकयुक्त द्रव्यं फुटतात आणि तो बराकभर पसरणारा वास सुटतो. शंभर माणसांचा हंडा दोन तास आधी चढवणाऱ्या लांगरीला दुसरा इलाज नसतो. घरी चार माणसांसाठी तुम्हाला तो आहे.

तर पद्धत लिहून घ्या. पाव किलो राजमा आठ-दहा तास भिजवा. चेन्नईसारख्या उकाड्यात तो रात्रभर बाहेर ठेवला तर आंबतो, फ्रिजमध्ये ठेवा. भिजवलेलं पाणी फेकून द्या. नव्या पाण्यात कुकरला पहिली शिटी झाल्यावर बारीक आचेवर वीस मिनिटं. कुकर नसेल तर आधी दहा मिनिटं खळखळून उकळी हवीच; कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं एक द्रव्य असतं, ते नुसत्या कोमट पाण्यात मरत नाही. ज्यांनी लेहला डाळ शिजवायचा प्रयत्न केला आहे त्यांना सांगायला नको, की तिथे पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं आणि कुकरशिवाय दाणा मऊ होत नाही.

दुसरीकडे जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर दोन मोठे कांदे चांगले तांबूस होईपर्यंत परता. मांस घालायचं नसेल तर चव इथूनच येणार आहे, म्हणून घाई नको. चार पाकळ्या लसूण, चमचाभर ओवा. मग पाऊण किलो कोबी जाडसर चिरून, मोठ्या आचेवर, कडा करपल्यासारख्या होईपर्यंत परता. त्यात दोन बटाट्यांच्या फोडी, दोन गाजरं, शिजलेला राजमा त्याच्या पाण्यासकट. वीस मिनिटं मंद आच. शेवटी, आणि शेवटीच, दोन चमचे व्हिनेगर, चमचाभर वाटलेली मोहरी, मिरपूड, मीठ. आंबट आधी घातलं तर कडधान्य मऊ होत नाही, हे साऱ्या जगाच्या स्वयंपाकघरांत खरं आहे. मांसाहारी असाल तर गोव्याचं सॉसेज कांद्याबरोबर परता. जानेवारीत पोंगलच्या सुमारास इथे बाजारात ताजं 'मोच्चै' येतं, म्हणजे आपला पावटा. राजम्याऐवजी तो घाला, आणि मला दुवा द्या.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण खरा तोच: हे बायकांचं काम. इथे मला खरंच राग येतो. ज्या पलटणीत शेकडो पुरुषांचा स्वयंपाक पुरुषच करतात, तिथून आलेला माणूस हे कोणत्या तोंडाने म्हणतो? तुम्ही सीमेवर होता तेव्हा घर तिने चालवलं. मुलांच्या शाळा बदलल्या, सासू-सासऱ्यांची आजारपणं काढली, दर दोन-तीन वर्षांनी काळ्या ट्रंकांत संसार भरला आणि उघडला. तुम्ही निवृत्त झालात, निरोपाचा हार गळ्यात पडला, पेन्शन सुरू झालं. तिची ड्यूटी कोणत्या तारखेला संपते? तुमच्या सेवापुस्तकात ती तारीख नाही. ती तारीख तुम्हीच घालायची आहे, निदान आठवड्यातून एका दिवसापुरती.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही, जगण्याचाही आहे. आपला जवान चाळिशीच्या आगेमागे घरी येतो. मग पुण्यामुंबईत सिक्युरिटीची नोकरी, कुटुंब गावी, खोलीत तिघेचौघे, रात्रपाळी. जेवण म्हणजे वडापाव आणि चहा. दहा वर्षांत साखर आणि रक्तदाब, आणि मग इसीएचएसच्या रांगेत कार्ड घेऊन उभं राहायचं. दुसरीकडे सत्तरी ओलांडलेले अधिकारी, पत्नी गेलेली, मुलं परदेशात. हाताशी पैसा आहे, डबेवाली बाई सुट्टीवर गेली की बिस्किटं. शत्रूच्या तोफांपुढे उभे राहिलेले हे लोक गॅसच्या शेगडीपुढे हतबल होतात, आणि आपण त्याला मर्दानगी म्हणतो.

शेवटचा इशारा माझ्याच बाजूच्या लोकांना. यातून साधेपणाचं प्रवचन करू नका. तेही झालं आहे. १९३३ पासून नाझी राजवटीने महिन्यातला एक रविवार 'आइनटोफचा रविवार' ठरवला. प्रत्येक घराने एका भांड्यातलं स्वस्त जेवण जेवायचं आणि वाचलेले पैसे सरकारी मदतनिधीला द्यायचे. दारावर वसुलीची पेटी यायची आणि वरचे पुढारी हंड्यापुढे बसून छायाचित्रं काढून घ्यायचे. गरिबाच्या जेवणाचं असं संचलन झालं, की त्यातली चव जाते आणि हुकूम तेवढा उरतो.

मला त्यापेक्षा कॅप्टन जेम्स कुकची रीत पटते. १७६८ साली 'एन्डेव्हर'वर स्कर्व्हीपासून बचावासाठी त्याने आंबवलेला कोबी नेला. खलाशी तोंड फिरवत. त्याने सक्ती केली नाही. अधिकाऱ्यांच्या टेबलावर तो रोज वाढायला लावला आणि खलाशांना 'हवा तर घ्या' म्हटलं. आठवडाभरात मागणी इतकी वाढली की वाटप मोजून करावं लागलं. आपल्याकडे याचा अर्थ असा: सीओने, सुभेदार मेजरने, घरातल्या आजोबांनी आधी डाव हातात घ्यावा. पोरं आपोआप येतात. माझ्या घरी शनिवारचं पातेलं माझं आहे, आणि त्या दिवशी बाकीच्यांना ओट्याजवळ फिरकायची परवानगी नाही.

तेव्हा या शनिवारी बाजारात जा. हाताला जड लागेल तो गड्डा घ्या. हलका असला की आत पोकळ निघतो. राजमा शुक्रवारी रात्रीच भिजवा. पातेलं उतरवल्यावर पहिलं ताट तिला वाढा, आणि ती जेवत असताना मीठ किती पडलं आहे ते विचारू नका. ती सांगेल. नंतर भांडीही घासायची आहेत, ते मी गृहीत धरलं आहे.