ठोसा हवेत की बटणावर? फायटिंग गेममधल्या एका जुन्या वादाचा इतिहास

व्हिडिओ गेमच्या इतिहासाची एक सोयीस्कर कथा प्रचलित आहे. आधी काठी आणि बटणे आली, कारण यंत्रे बाळबोध होती. मग सेन्सर आले, कॅमेरे आले आणि माणसाचे अख्खे शरीरच कंट्रोलर झाले. या कथेत बटण हा मागचा थांबा आणि शरीर हा पुढचा. टेनिसच्या किंवा नाचाच्या गेमपुरती ही कथा निभावून जाते. फायटिंग गेममध्ये, निदान त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध मालिकेत, घटनाक्रम नेमका उलटा आहे. तिथे शरीर आधी आले, आणि त्याने घातलेला घोळ निस्तरण्यासाठी बटणे आली.

१९८७ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने पहिला ‘स्ट्रीट फायटर’ आर्केडमध्ये आणला. ताकाशी निशियामा आणि हिरोशी मात्सुमोतो हे त्याचे कर्ते. या गेमच्या मोठ्या कॅबिनेटवर प्रत्येक खेळाडूसाठी जॉयस्टिकच्या जोडीला दाब ओळखणाऱ्या दोन जाड गाद्या होत्या. एक ठोशाची, दुसरी लाथेची. गादीवर हात जितका जोरात आपटावा तितका पडद्यावरचा फटका जबर. त्या दाबावरून यंत्र हलका, मध्यम आणि जोरदार असे तीन दर्जे ठरवी.

कल्पना देखणी होती, व्यवहार अवघड. सर्व शक्तीनिशी गाद्या बडवणाऱ्यांचे हात दुखत, गाद्या खिळखिळ्या होत. शिवाय दोन डावांत दमलेला माणूस तिसरे नाणे टाकत नाही, हे कोणत्याही आर्केडमालकाला शिकवावे लागत नसे. त्याच गेमचे दुसरे कॅबिनेट आले, त्यावर गाद्यांच्या जागी सहा बटणे होती. तीन ठोशांची, तीन लाथांची.

सहाच का, याचे उत्तर या हिशेबात आहे: दोन गाद्या, दाबाचे तीन दर्जे. आज ‘स्ट्रीट फायटर’ जुन्या पद्धतीने खेळणारे ज्या सहा बटणांवर बोटे ठेवतात, ती त्या मोडीत निघालेल्या गाद्यांचे जीवाश्म आहेत.

हा बदल वरवर काटकसरीचा वाटतो. वस्तुतः या प्रकारच्या गेमचा पायाच त्याने घातला. गादीवर जोरदार फटका ही दंडाची कमाई होती. बटणावर ती निवड झाली. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये हलका ठोसा चपळ पण किरकोळ आणि जोरदार ठोसा घातक पण संथ, अशी देवाणघेवाण पक्की झाली. आता तालमीतला पैलवान आणि काडीपैलवान यांचा जोरदार ठोसा सारखाच बसणार. फरक उरला तो केव्हा मारायचा एवढ्याचाच, आणि त्या ‘केव्हा’वरच पुढची तीन दशके स्पर्धा रंगत आल्या आहेत.

आता काठीकडे वळू. रियूचा ‘हादोकेन’ हा ऊर्जेचा गोळा सोडण्यासाठी काठी खाली, मग तिरकी, मग पुढे अशी पाव वर्तुळात फिरवून ठोशाचे बटण दाबावे लागते. ‘शोर्यूकेन’ला पुढे, खाली आणि पुन्हा तिरके खाली असा नागमोडी झटका लागतो. मोडी लिहिणारा कारकून बोरू न उचलता जशी अक्षरामागून अक्षरे ओढी, तशी सरावलेल्या हाताची ही वळणे एकमेकांत मिसळतात. खेळाडू या वळणांना आजही ‘मोशन’ म्हणतात, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. हालचाल विरुद्ध बटण असा वाद घालणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पारंपरिक कंट्रोलरमध्ये हालचाल पहिल्यापासून आहे. ती मनगटात मावेल एवढी आटवलेली आहे, इतकेच.

आणि ती फुकट मिळत नाही. या गेममध्ये बचाव करायचा तर काठी मागे धरून ठेवावी लागते. शोर्यूकेनची सुरुवात काठी पुढे नेऊन होते, म्हणजे तेवढ्या क्षणापुरती ढाल खाली ठेवावी लागते. डाव टाकण्याची किंमत डावाच्या आकारातच लिहिलेली आहे. कुस्तीत पट काढायला वाकलेला मल्ल आपली मान उघडी टाकतो, तसेच हे.

(आपल्याकडच्या व्हिडिओ पार्लरांत ‘मुस्तफा’ नावाने गाजलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, १९९३, हाही कॅपकॉमचाच. त्यातली मारामारी मात्र यंत्राच्या टोळ्यांशी होती. समोरच्या माणसाचे मन वाचण्याचा प्रश्न तिथे नव्हता.)

शरीराला परत आणण्याचे प्रयत्न यानंतर थांबले, असे मुळीच नाही. १९८९ मध्ये मॅटेलने निन्टेन्डोच्या यंत्रासाठी ‘पॉवर ग्लव्ह’ बाजारात आणला. हातमोज्यातून ध्वनिलहरी सोडून हाताची जागा ओळखणारे हे यंत्र दिसायला भविष्यातले होते. खास त्याच्यासाठी म्हणून आलेल्या दोन गेमपैकी एक, ‘बॅड स्ट्रीट ब्रॉलर’, मारामारीचाच होता. हातमोजा जाहिरातीत जितका आज्ञाधारक होता तितका घरी नव्हता.

१९९३ चा सेगाचा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ त्याहून मनोरंजक. जमिनीवर ठेवायचे एक अष्टकोनी कडे, त्यातून वर जाणारे अवरक्त किरण, आणि मधोमध उभा खेळाडू. हाताने वा पायाने किरण तोडला की यंत्राला आज्ञा पोहोचे. जाहिरातीचा भर अर्थातच मारामारीवर होता. पण आतून पाहता हे काय होते? प्रत्येक किरण म्हणजे कंट्रोलरवरचे एकेक बटण. बोटाखालचे बटण उचलून हात-दीड हात लांब हवेत टांगले आणि त्याला क्रांती म्हटले. खेळाडूने उजवीकडे लाथ मारली म्हणून पडद्यावर लाथच बसेल, याची शाश्वती नव्हती. त्या दिशेला नेमून दिलेले बटण दाबले जाई, एवढेच.

मग २००६ मध्ये वी आले. त्याच्या रिमोटमधला त्वरणमापक स्वस्त, छोटा आणि खरोखर उपयोगी होता. १० कोटींहून अधिक वी विकले गेले आणि ज्यांनी कधी कंट्रोलर हाती धरला नव्हता अशी माणसे दिवाणखान्यात टेनिस खेळू लागली. हे यश खोटे ठरवण्याचे कारण नाही. ‘ड्रॅगन बॉल झी’च्या वीवरील गेममध्ये रिमोट मागे ओढून पुढे ढकलला की कामेहामेहा सुटे. कार्टून नेटवर्कवर ती मालिका पाहत वाढलेल्या, पलंगावर उभे राहून तीच मुद्रा करणाऱ्या पिढीला याहून मोठे सुख ते कोणते! मात्र ते सुख मुद्रेचे होते, लढतीचे नव्हे. पन्नासाव्या कामेहामेहाला हात भरून येतो आणि समोरचा खेळाडू तो येताना आरामात पाहतो.

दोष तंत्रज्ञानाच्या अपुरेपणावर ढकलण्याची प्रथा आहे. सेन्सर सुधारले की प्रश्न सुटेल, असे १९८९ मध्ये म्हटले गेले आणि पुढेही म्हटले गेले. थोडे गणित करून पाहावे. फायटिंग गेम साधारणतः सेकंदाला ६० चित्रे दाखवतात. चपळ ठोसा त्यांतल्या तीन-चार चित्रांत निघतो. २०१० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे टिपत असे. म्हणजे पडद्यावर दोन क्षण उलटावेत तेव्हा त्याला एक दिसणार, आणि दिसलेल्या आकृतीचा अर्थ लावण्यात आणखी वेळ जाणार. किनेक्टसोबत आलेला युबिसॉफ्टचा ‘फायटर्स अनकेज्ड’ समीक्षकांनी झोडपून काढला, त्यात नवल नव्हते.

समजा, कॅमेरा दहापट वेगवान केला. तरीही एक अडचण उरते, आणि ती विजेची नाही, हाडामांसाची आहे. बटणाला काही मिलिमीटरचा प्रवास पुरतो. ठोसा ओळखायचा तर आधी हात खांद्यापासून निघालेला दिसला पाहिजे. निर्णय आणि कृती यांच्यामध्ये शरीर जेवढी जागा घेते, तेवढी कोणताही सेन्सर परत देऊ शकत नाही.

त्याहून मोठी उणीव समोरच्या बाजूला आहे. आखाड्यात मल्लाला प्रतिस्पर्ध्याच्या अंगाचा दाब, त्याचा तोल, त्याचा श्वास कळतो. पेच त्या स्पर्शातून सुचतो. हवेत मारलेल्या ठोशाला काहीच लागत नाही. पडद्यावरच्या योद्ध्याचा हात प्रतिस्पर्ध्याने अडवला तरी खेळाडूचा हात पुढे निघून गेलेला असतो. ज्या पद्धतीला ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवले जाते, तीत डोळे एक सांगतात आणि स्नायू दुसरेच. बटण निदान असा दावा करत नाही. ते आज्ञा पोहोचवते आणि बाजूला होते.

हालचालीच्या यंत्रावरच जुना कंट्रोलर कसा टिकून राहिला, हेही पाहण्यासारखे आहे. मासाहिरो साकुराई यांच्या दिग्दर्शनाखाली २००८ मध्ये वीवर ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ आला. हालचालीचा डंका पिटणाऱ्या यंत्रावरच्या या गेमला २००१ च्या गेमक्यूबचा कंट्रोलर जोडता येत असे, आणि मुरलेल्या खेळाडूंनी तोच धरला. पुढे २०१४ मध्ये नव्या यंत्रासाठी निन्टेन्डोने खास त्या कंट्रोलरसाठी जोडणी विकली. २०१८ मध्ये पुन्हा विकली.

बसून बटणे दाबण्यात शरीराचा थरार हरवतो, ही तक्रार अनेकदा ऐकू येते. तिला २००४ च्या एव्हो स्पर्धेतला एक सामना पुरेसे उत्तर आहे. कॅलिफोर्नियातील पोमोना येथे ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’मध्ये दाइगो उमेहाराचा केन नखभर ताकदीवर उभा होता. जस्टिन वाँगच्या चुन-लीने पंधरा फटक्यांचा महाडाव टाकला. नुसता बचाव केला असता तरी केन झिजून मेला असता. उमेहाराने प्रत्येक फटक्याच्या क्षणी काठी पुढे ढकलून सगळे फटके परतवले आणि उलट वार करून डाव जिंकला. दोघे खुर्चीवर बसलेले, हालचाल बोटांची. सभागृह मात्र पायांवर उभे राहून ओरडत होते.

‘सर्वांसाठी’ या शब्दाचा हिशेबही एकदा नीट करायला हवा. हालचालीचे नियंत्रण सर्वांना जमते, असे सांगताना ‘सर्व’ म्हणजे दोन धडधाकट हात, उभे राहण्याची ताकद आणि समोर रिकामी जागा असलेले सर्व, हे गृहीत धरलेले असते. अमेरिकेतला माईक बेगम, ‘ब्रॉलीलेग्ज’ या नावाने खेळणारा, जन्मतः सांधे आखडलेला होता. कंट्रोलर तोंडाने चालवून तो चुन-ली खेळे, आणि एव्होसारख्या स्पर्धांत धडधाकट प्रतिस्पर्ध्यांना भिडे. समोरच्याला पडद्यावर फक्त चुन-ली दिसे. अ‍ॅक्टिव्हेटरच्या अष्टकोनात किंवा किनेक्टच्या नजरेपुढे त्याच्यासाठी जागा नव्हती. गाद्या जाऊन बटणे आली तेव्हा दंडाची अट गळाली होती. तिचे फळ असे कुठवर पोहोचले, याची १९८७ मध्ये कोणाला कल्पना असणार?

यावरून हालचाल सर्वथा त्याज्य ठरत नाही. जून २०१७ मध्ये निन्टेन्डोने स्विचवर ‘आर्म्स’ आणला. त्यातल्या योद्ध्यांचे हात स्प्रिंगसारखे लांबच लांब जातात. ठोसा सुटल्यापासून लागेपर्यंत वेळ जातो, आणि त्या वेळातच खरा खेळ आहे: मनगट वळवले की उडता ठोसा वाकतो. दोन्ही हातांत एकेक छोटा कंट्रोलर धरल्याने डावा ठोसा एकीकडे आणि उजवा दुसरीकडे वळवता येतो. त्याच गेमची बटणांची पद्धत निवडली तर चालणे आणि ठोसा वाकवणे ही दोन्ही कामे एकाच काठीवर येतात. इथे हालचालीने काही तरी खरोखर जास्तीचे दिले. तिच्या गतीला साजेल असा लढाईचा वेग आधी ठरवला गेला होता. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा तिला चढवलेला नव्हता. जानेवारी २०१८ च्या पहिल्या एव्हो जपानमध्ये ‘आर्म्स’ला स्थानही मिळाले. इतर गेमनी मात्र त्याचा कित्ता गिरवला नाही, आणि ही खेदाची गोष्ट आहे.

दरम्यान वादाने कूस बदलली आहे. जून २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये कॅपकॉमने जुन्या ‘क्लासिक’ पद्धतीच्या शेजारी ‘मॉडर्न’ नावाची पद्धत दिली. तीत हादोकेन एका बटणावर निघतो. पाव वर्तुळ नाही, नागमोडी झटका नाही. मोबदल्यात असा डाव क्लासिकच्या ८० टक्केच इजा करतो. जुन्यांचा आक्षेप असा की ढाल खाली ठेवण्याची किंमतच रद्द झाली, आणि तो निराधार नाही. पण १९८७ मध्ये गादीऐवजी बटण पाहून एखाद्या दणकट खेळाडूने याच जातीचा आक्षेप घेतला असता, तर त्याला काय उत्तर दिले असते, याचाही विचार आक्षेपकांनी करावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या एव्होत या गेमसाठी ७,००० हून अधिक खेळाडूंनी नावे नोंदवली. क्लासिक आणि मॉडर्न यांच्यासाठी वेगळे गट नव्हते.