गारांनी गाडीची काच फुटली. विमा भरपाई देणार का?

नेसरी : मे महिन्यात वळवाचा पाऊस गारा घेऊन आला की नेसरी, गडहिंग्लज, चंदगड पट्ट्यात काजू-आंब्याची काळजी आधी होते. पण दारात उभ्या कारची, पिकअपची पुढची काच तडकली तरी खर्च हजारांत जातो. मग कपाटातली विम्याची पॉलिसी बाहेर निघते आणि अनेकांची निराशा होते.

कारण सरळ आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो, आपल्या काचेला एक रुपयाही देत नाही. पासिंगपुरता स्वस्त विमा काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी फसगत नव्या गाड्यांची. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला 3 वर्षांचा आणि दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. त्यासोबतचा स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. "तीन वर्षांचा विमा हाय" म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि मुदत कधीच संपलेली असते. हा भाग वेगळाही काढता येतो. पण आधी फुटलेल्या काचेला तो चालत नाही.

फुल्ल विमा असेल तर गारपीट त्यात धरलेली असते. काचेवर घसाराही कापत नाहीत. 1500 सीसीपर्यंतच्या कारला पहिले 1000 रुपये मालकाचे, त्यावर इंजिन असेल तर 2000.

तरीही क्लेम करण्याआधी हिशेब मांडावा. समजा, स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता 6000 रुपये आहे आणि सलग पाच वर्षं क्लेम न केल्याने 50 टक्के, म्हणजे 3000 रुपयांची सूट मिळते. काचेचा खर्च 5000 आला तर हातात पडतील 4000. पण सूट शून्यावर येते. पुढच्या वर्षी 3000 जादा, त्यानंतरच्या वर्षी 20 टक्केच सूट, म्हणजे आणखी 1800 जादा. दोन वर्षांत 4800 गेले! सूट राखणारं जादा कव्हर घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

बॉनेट, टप, काच सगळंच ठेचलं असेल तर मात्र क्लेम करावाच. गाडी हलवण्याआधी गारांसकट फोटो काढावेत, कंपनीला लगेच कळवावं आणि पाहणी झाल्याशिवाय काच बदलू नये. कंपनीने दाद दिली नाही तर लेखी तक्रार करावी. 30 दिवसांत निकाल न लागल्यास पुण्याच्या विमा लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.

वळीव यायच्या आधी पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा एकदा वाचून घ्याव्यात.